यादीतला मतदार, दारातला मतदार

राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्राचा मराठी प्रबंध उघडा, संशोधन पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: यादृच्छिक पद्धतीने १०० उत्तरदाते निवडण्यात आले. पुढे एक ओळही नसते. कुठल्या यादीतून निवडले? यादी कुणी केली? निवडलेल्यांपैकी किती जण भेटले? बहुतेक वेळा खरी गोष्ट अशी असते की ओळखीच्या सरपंचाकडे उतरलं, चावडीवर आणि पारावर जे बसले होते त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. ‘यादृच्छिक’ या शब्दाचा अर्थ ‘भेटेल तो’ असा झाला आहे. शास्त्रात अर्थ नेमका उलटा आहे: कोण निवडला जाईल हे ना संशोधकाच्या सोयीवर ठरतं, ना उत्तरदात्याच्या हौसेवर. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी असते आणि ती किती, हे आधीच सांगता येतं.

हे शिकायचं तर पुस्तकातली नमुना निवडीच्या प्रकारांची यादी पाठ करण्यापेक्षा एका विधानसभा मतदारसंघाचा सर्व्हे कागदावर आखून बघावा. महाराष्ट्रात असे २८८ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकाची मतदार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर यादीभागांनुसार मिळते. एक यादीभाग म्हणजे ढोबळमानाने एका मतदान केंद्राचे मतदार. समाजविज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रौढ लोकसंख्येची इतकी तपशीलवार, फुकट यादी दुसरीकडे कुठे मिळायची नाही.

आधी संख्येचा गैरसमज. ‘लोकसंख्येच्या १० टक्के नमुना घ्यावा’ हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याला काही आधार नाही. नमुन्याची अचूकता ठरते ती नमुन्याच्या आकारावर. लोकसंख्येचा किती टक्के भाग घेतला, याला जवळजवळ किंमत नाही. सरळ यादृच्छिक नमुना असेल तर ९५ टक्के खात्रीने खऱ्या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत यायला ३८५ माणसं लागतात, ३ टक्क्यांसाठी १,०६७ आणि २ टक्क्यांसाठी २,४०१. मतदारसंघ ३ लाखांचा असो की राज्य ९ कोटींचं, हे आकडे जवळपास तेच राहतात. अचूकता दुप्पट करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणून पैसे संपतात ते इथेच.

पण मतदारसंघभर विखुरलेली ३८५ घरं गाठणं परवडत नाही. म्हणून आधी यादीभाग निवडायचे, मग त्यांतली नावं. त्याची किंमत मोजावी लागते, कारण एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात. माळ्यांच्या मळ्यात दहावी मुलाखत पहिल्या नऊंपेक्षा फारसं नवीन सांगत नाही. या सारखेपणाचा आकडा (० म्हणजे शेजाऱ्यांत काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे) ०.०५ धरू आणि एकूण ४१६ मुलाखती पूर्ण होतील असं समजू. त्या ४० यादीभागांत वाटल्या, तर त्यांचं खरं वजन २८३ सरळ यादृच्छिक मुलाखतींइतकं भरतं आणि चुकीची मर्यादा ५.८ टक्क्यांवर जाते. २० यादीभागांत वाटल्या तर वजन २०९, मर्यादा ६.८. आणि प्रवास वाचवायला १० यादीभागांत उरकल्या तर वजन १३७, मर्यादा ८.४. मुलाखती तेवढ्याच, मेहनत जवळपास तेवढीच, माहिती निम्म्याहून कमी. गावं जातवार वस्त्यांत विभागलेली असतील आणि मतदानही त्याच रेषांवर होत असेल, तर ०.०५ हा आकडा फारच उदार आहे.

आता प्रत्यक्ष निवड. समजा मतदारसंघात ३,१२,४०० मतदार आहेत. सगळे यादीभाग एक्सेलमध्ये क्रमाने लावा. तालुका, मग जिल्हा परिषद गट, मग गाव. क्रम असा लावला की निवड आपोआप सगळ्या भागांत पसरते. प्रत्येक यादीभागासमोर मतदारसंख्या आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात चढती बेरीज. ३,१२,४०० ला ४० ने भागलं की अंतर येतं ७,८१०. १ ते ७,८१० मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा, समजा २,९४६ आला. ज्या यादीभागाच्या चढत्या बेरजेत २,९४६ वा मतदार पडतो तो पहिला. मग १०,७५६ वा ज्यात पडतो तो दुसरा, मग १८,५६६ आणि असंच पुढे. मोठ्या यादीभागाला निवडलं जाण्याची संधी जास्त मिळते आणि ते बरोबर आहे, कारण पुढच्या पायरीवर प्रत्येक यादीभागातून आपण सारखीच, म्हणजे १६ नावं घेणार आहोत. दोन्ही पायऱ्यांचा गुणाकार केला की प्रत्येक मतदाराची संधी ४८८ मध्ये १ अशी एकसारखी येते. हा गुणाकार एकदा हाताने करून बघावा, म्हणजे यादीभाग नुसत्या चिठ्ठ्या टाकून निवडले आणि प्रत्येकातून १६ घेतले तर छोट्या वाडीतल्या माणसाचं वजन का फुगतं ते कळतं.

नावं काढण्याची रीत तीच. यादीभागात १,१०४ मतदार असतील तर १६ ने भागून अंतर ६९. सुरुवात चिठ्ठीने, समजा २३. मग अनुक्रमांक २३, ९२, १६१ असं करत जायचं. यादी घरांच्या क्रमाने लावलेली असते, एका कुटुंबाची नावं एकाखाली एक. त्यामुळे ६९ चं अंतर एकाच घरातली दोन माणसं टाळतं. यादीच्या पीडीएफमधला मजकूर बहुधा नीट कॉपी होत नाही, पण अनुक्रमांकाने मोजायचं असल्याने काही अडत नाही. पुरवणी यादी मात्र विसरू नका. नवी नावं तिथे असतात आणि वगळलेल्या नावांचीही नोंद तिथेच सापडते. मूळ यादीवरच नमुना काढला तर नुकतेच अठरा ओलांडलेले मतदार आपोआप गळतात.

नावांची यादी हातात आली की वाटतं, आता फक्त दार ठोठवायचं. खरं संशोधन इथे सुरू होतं.

१६ नावं घेऊन गावात गेलात की पहिल्या तासात तीन शब्द ऐकू येतात: मयत, दुबार, स्थलांतरित. पहिल्या दोघांचा प्रश्न सोपा आहे, ती नावं हिशेबातून वजा करायची. तिसऱ्याने डोकं खायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीत निवडलेल्या नावांपैकी बरेच चाकरमानी असतात. माणूस विरार किंवा डोंबिवलीत, नाव गावच्या यादीत. सर्व्हे जानेवारीत केला तर ते सापडणार नाहीत, गणपतीत केला तर घराघरात सापडतील. बीडमध्ये डिसेंबरात गेलात तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात आणि गाळप संपल्यावरच परततात. त्यांना ‘घरी नाही’ म्हणून सोडून दिलं की जिल्ह्यातला सगळ्यात हलाखीतला थर सर्व्हेतून गेला, आणि हातात उरलेल्या आकडेवारीवर बीडचं सरासरी उत्पन्न छान दिसू लागतं. मुंबईत पुनर्विकासाला गेलेल्या चाळीतली माणसं जुन्या पत्त्यावर नोंदलेली आणि राहायला संक्रमण शिबिरात. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत राहून गेलेलं.

म्हणून घराबाहेर पडण्याआधी ठरवावं लागतं की आपली लोकसंख्या कोणती: यादीत नाव असलेले, की इथे राहणारे. मतदानाबद्दल बोलायचं असेल तर पहिली, कारण चाकरमानी मतदानाच्या दिवशी गाडी करून येतो आणि त्याचं मत मोजलं जातं. त्याला फोनवर का होईना गाठायला हवं. पाणीपुरवठ्याबद्दल विचारायचं असेल तर दुसरी. मग मतदार यादी अपुरी पडते आणि घरं मोजून त्यांतली माणसं निवडावी लागतात. घरातला माणूस निवडायची एक लोकप्रिय युक्ती म्हणजे ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला तो. परदेशी पुस्तकात ती झकास दिसते. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली माणसं घरोघरी आहेत. जून-जुलैत ही युक्ती वापरली तर तीच ती निवडली जातील, आणि एका घरात तिघांची तारीख एकच निघाली तर पंचाईत. त्यापेक्षा घरातल्या प्रौढांची वयानुसार यादी करून आधी छापलेल्या तक्त्यावरून क्रमांक घ्यावा. नमुना निवडीचे तज्ज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये सुचवलेली ही रीत वेळखाऊ आहे, पण जन्मतारखेवर विसंबत नाही.

निवडलेला माणूस भेटला नाही तर शेजारचा घ्यायचा नाही. या एका नियमावर सर्व्हे टिकतो किंवा बुडतो आणि हाच नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. सकाळी अकराला दार उघडणारी माणसं कोण असतात? म्हातारी, घरात काम करणाऱ्या बायका, रोजगार नसलेली मुलं. कंपनीत पाळीला गेलेला, शेतावर गेलेली, रिक्षावाला, दुकानदार यांच्या जागी शेजारचा घेतला की ४१६ चा आकडा भरतो, पण तो आता घरी बसणाऱ्यांचा सर्व्हे असतो. कमी भेटलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊन वय आणि लिंग दुरुस्त करता येतं. घरी बसणारा पंचविशीतला मुलगा कामावरच्या पंचविशीतल्या मुलासारखा विचार करतो की नाही, हे कुठलंही वजन सांगत नाही. त्यामुळे ४० यादीभागांतली १६-१६ मिळून ६४० नावं आधीच जास्तीची धरून काढायची (६५ टक्के भेटले तर ४१६ होतात) आणि प्रत्येक नावासाठी किमान तीन फेऱ्या: एक सकाळी सात ते नऊ, एक संध्याकाळी सहानंतर, एक रविवारी. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात जाऊ नये.

संख्या मोठी असली की हे सगळं झाकलं जातं असं वाटत असेल तर १९३६ ची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक आठवा. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून आले होते, हे सगळे सांगतात. उत्तर पाठवण्याची तसदी कोणी घेतली हा दोषही तितकाच भारी होता. व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवून ‘२,००० प्रतिसाद मिळाले’ म्हणणाऱ्यांची जात तीच.

प्रत्येक नावासमोर निकालाची खूण हवी: पूर्ण, अर्धवट, नकार, तीन फेऱ्यांत भेट नाही, तात्पुरतं बाहेरगावी, कायमचं स्थलांतर, मयत, दुबार, पत्ता सापडला नाही. प्रबंधात हा तक्ता छापायचा. परीक्षक तो मागत नाहीत, पण माग काढणाऱ्या वाचकाला त्या एका पानावरून पूर्ण सर्व्हेची प्रकृती कळते.

आता प्रश्न. ‘तुमचा लोकशाहीवर किती विश्वास आहे: पूर्ण, बराच, थोडा, अजिबात नाही’ असे प्रश्न इंग्रजी प्रश्नावलीतून उचलून आणले की दारात ‘बरं आहे की’ एवढंच उत्तर येतं आणि मुलाखतकार स्वतःच्या मनाने खूण करतो. वागण्याबद्दल, मुदत घालून विचारावं. ‘तुम्ही ग्रामसभेला जाता का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला बसला होतात का?’ हे बरं, पण इथेही गोची आहे, कारण झेंडावंदनाला गेलेला माणूस ग्रामसभेला गेलो होतो असं सांगतो. म्हणून जोडप्रश्न लागतो: तिथे कुठला विषय निघाला होता? ‘रस्ते आणि पाण्याची सोय समाधानकारक आहे का?’ यात दोन प्रश्न एकात कोंबले आहेत, उत्तर कशाचं ते कुणालाच कळत नाही.

बाईंची मुलाखत घेताना नवरा, सासरा किंवा मोठा मुलगा मध्ये उत्तर देतो, किंवा त्या स्वतःच म्हणतात, ‘मला काय कळतंय राजकारणातलं, ह्यांनाच विचारा.’ हे ‘माहीत नाही’ नव्हे. तशी नोंद केली की स्त्रियांना राजकीय माहिती कमी असते हा निष्कर्ष आपण स्वतःच तयार केला. स्त्री मुलाखतकार, ओटा किंवा परसदार, आणि ‘तुमच्याच नावाची चिठ्ठी निघालीय, तुमचंच मत लिहायचंय’ एवढं वाक्य पुष्कळ काम करतं. माहीत नाही, सांगायचं नाही आणि विचारलंच नाही, यांना तीन वेगळे संकेतांक द्या. एकच ९ दिला की नंतर सोडवता येत नाही.

जात विचारताना पर्याय वाचून दाखवू नयेत. खुला प्रश्न, उत्तर जसंच्या तसं, पोटजातीसह लिहायचं आणि गट नंतर टेबलावर बसून पाडायचे. विदर्भातला कुणबी आणि पश्चिम महाराष्ट्रातला मराठा कोणत्या रकान्यात बसवायचा हा वादाचा विषय आहे; तो निर्णय दारात उभ्या असलेल्या मुलाखतकाराने घेऊ नये आणि प्रबंधात तो लपूही नये. सगळ्या जातींची पूर्ण मोजणी झालेली आणि आकडे छापलेली शेवटची जनगणना १९३१ ची, त्यामुळे आपला नमुना जातवार बरोबर आला का हे ताडून बघायला भरवशाचं माप हाताशी नाही.

मत कुणाला दिलं हा प्रश्न तोंडी विचारू नये. नमुना मतपत्रिका द्यावी, चिन्हांसकट, घडी करून पेटीत टाकायला सांगावी. मतपत्रिकेवर प्रश्नावलीचा क्रमांक टाकावाच लागतो, नाहीतर उत्तर जोडता येत नाही. म्हणून ‘हे पूर्ण गुप्त आहे’ असं सांगणं खोटं ठरतं. घरच्यांना, शेजाऱ्यांना कळणार नाही आणि अहवालात नाव येणार नाही, एवढंच खरं आहे आणि तेवढंच सांगावं. महाराष्ट्रात चिन्हांशिवाय गत्यंतरही नाही. ‘शिवसेनेला’ किंवा ‘राष्ट्रवादीला’ हे उत्तर २०१९ साठी पुरेसं होतं. २०२४ ला धनुष्यबाण की मशाल, घड्याळ की तुतारी वाजवणारा माणूस, हे कळायला हवं. त्यातही ट्रम्पेट या वेगळ्या चिन्हाचं मराठी नाव तुतारी असल्याने लोकसभेला गोंधळ झाल्याची तक्रार झाली होती, तेव्हा चित्र छापा, नावावर विसंबू नका. मतदान केलं का, या प्रश्नाला मात्र फुगवटा येणारच. २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. तुमच्या सर्व्हेत ८५ टक्के आले तर त्यावर लिहा, पुसून टाकू नका. जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारेही निकालानंतर वाढतात.

मग येतो ‘मुळे’. ‘लाडकी बहीण योजनेमुळे सरकार परत आलं’ हे विधान २०२४ नंतर इतक्यांदा ऐकलं आहे की ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. तपासायला गेलं तर लाभार्थी बाया आणि लाभ नसलेल्या बाया यांच्या मतांची तुलना करावी असं सुचतं. पण लाभ नसलेल्या बाया कोण? अडीच लाखांहून जास्त उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आणि दुसऱ्या टोकाला संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार आधीच मिळत असल्याने अपात्र ठरणाऱ्या विधवा-परित्यक्ता. त्यांना एका गटात टाकून सरासरी काढली तर ती कुणाचीच नाही. जाणकार म्हणेल, वयाची अट २१ ते ६५ आहे, तेव्हा ६३ ते ६५ च्या बाया आणि ६६ ते ६८ च्या बाया यांची तुलना करा. दोन-तीन वर्षांनी माणूस बदलत नाही, फरक योजनेचा. कल्पना छान, पण ६५ लाच श्रावणबाळ योजना सुरू होते, तेही दीड हजार, म्हणजे गरीब घरांत एक पैसा थांबतो तिथेच दुसरा चालू होतो. शिवाय ग्रामीण भागात वय ६० किंवा ६५ असं गोल सांगतात. आणि ४१६ मुलाखतींत या वयाच्या बाया निघणार फार तर डझन-दीड डझन. एका मतदारसंघाच्या सर्व्हेने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि हे आधी कागदावर मांडलं असतं तर गावभर फिरावं लागलं नसतं.

सर्व्हे न करता नमुना २० (आयोगाचा मतमोजणीचा तक्ता) मधले केंद्रवार निकाल घेऊन काम भागवण्याचा मोह होतो. अमुक वस्तीच्या केंद्रावर अमुक पक्षाला ७० टक्के, म्हणजे अमुक जातीने त्यांना मत दिलं, असं वर्तमानपत्रांत रोज लिहिलं जातं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवर दाखवलं की राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे ०.५३ (एक जास्त तिथे दुसरं कमी) येतो, आणि त्याच आकडेवारीत माणसागणिक पाहिलं तर अधिक ०.१२. चिन्हच उलटं. परदेशी माणसं साक्षर राज्यांत जाऊन राहिली होती, एवढंच. मिश्र वस्तीच्या केंद्रावर कुणी कुणाला मत दिलं हे नमुना २० कधीच सांगणार नाही.

राहता राहिली राखण. मुलाखतकार झाडाखाली बसून प्रश्नावल्या भरतात, हे गृहीतच धरून चालावं. दोन तासांत बारा मुलाखती, सगळी वयं ० किंवा ५ वर संपणारी, एकाच पेनाने एकाच दाबात केलेल्या खुणा, ‘माहीत नाही’ एकदाही नाही, एकही नकार नाही: यांतलं काहीही दिसलं की ती थप्पी बाजूला. दर दहातल्या एका घरी दुसऱ्या माणसाने पुन्हा जाऊन फक्त चार गोष्टी विचाराव्यात: कुणी आलं होतं का, किती वेळ बसले, चिठ्ठी पेटीत टाकायला दिली का, आणि घरात गाडी कोणती. मुलाखतकाराचा मेहनताना पूर्ण प्रश्नावलीमागे न देता दिवसामागे द्यावा, फेऱ्यांसकट. मोबदला प्रश्नावलीमागे ठरला की शेजारचा माणूस घेतला जातोच.